पांढरा म्हणजे कोणता पांढरा

आमच्या घरात पांढरा रंग नेमका कशाला म्हणायचं, हे ठरवायला एक अख्खा उन्हाळा लागला. शारजात उन्हाळा तसा वर्षातले सात-आठ महिने असतोच. पण मी म्हणते तो शाळेच्या सुट्टीतला, जेव्हा बिल्डिंगमधली निम्मी कुटुंबं भारतात निघून जातात, लिफ्ट लगेच मिळते, आणि मागे राहिलेल्या माणसांना एकमेकांबद्दल अचानक जिव्हाळा वाटू लागतो. त्या वर्षी आम्ही मागे राहिलेल्यांत होतो. बाबांना रजा मिळाली नव्हती. रजेऐवजी त्यांना एक प्रोजेक्टर मिळाला.

बाबा रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. आठवडाभर ते तिकडेच कंपनीच्या खोलीवर राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी अल नहदातल्या आमच्या फ्लॅटवर यायचे. आठव्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट; हॉलच्या खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यापलीकडे दुबई सुरू व्हायची, आणि दुबईचं भाडंही. बाबांचं काम सांगायला सोपं होतं. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या पांढऱ्या टाइल्समधून कमी पांढरी शोधून बाजूला काढायची. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की ती नजर घरी येताना कारखान्यात ठेवून येणं त्यांना जमत नसे. भात वाढला की ते क्षणभर ताटाकडे बघत आणि म्हणत, "या खेपेचा तांदूळ पिवळ्याकडे झुकतोय." आई म्हणायची, "खाऊन बघा, चव पांढरीच आहे."

आई, म्हणजे सुनंदा सबनीस, सांगलीची. लग्नाआधी दोन वर्षं तिनं तिकडच्या एका हायस्कुलात गणित शिकवलं होतं. इकडे आल्यावर तिच्या पासपोर्टात व्हिसाचं पान चिकटलं, आणि त्यावर ती गृहिणी आहे आणि तिला नोकरीची परवानगी नाही असं छापलेलं होतं. मी लहानपणी ते वाचून विचारलं होतं, की बाबांच्या व्हिसावर त्यांना स्वयंपाकाची परवानगी नाही असं लिहिलंय का. आई पुष्कळ हसली होती. बिल्डिंगमधली चार-पाच मुलं संध्याकाळी आमच्या डायनिंग टेबलाशी वह्या घेऊन बसत आणि आई कणीक मळता मळता त्यांची समीकरणं सोडवून घेत असे. कणकेच्या हातानं ती वहीला स्पर्श करायची नाही, नुसतं हनुवटीनं दाखवायची, "इथं चिन्ह बदललं का? मग?" मधूनमधून ती बाबांकडे शाळेचा विषय काढायची. खरं तर ती बंदी दिसायला कडक होती, पण नवऱ्यानं ना-हरकत पत्र दिलं की शाळा पुढचे कागद करून घेत. बाबा म्हणायचे, "बघू." आणि मग म्हणायचे, "पण तुला कमी काय आहे इथं?" हा प्रश्न ते इतक्या मनापासून विचारायचे, की त्याला उत्तर देणं उद्धटपणाचं वाटलं असतं.

प्रोजेक्टर आला तो गाडीच्या मागच्या सीटवरून, बाबांच्या चादरीत गुंडाळून आणि वरून सीटबेल्ट लावून. कंपनीनं मीटिंग रूमसाठी नवा घेतला होता आणि जुना स्टाफपैकी ज्याला हवा त्याला दिला होता. "तीनशे दिरहम," बाबा म्हणाले, "म्हणजे बारानं गुणा, छत्तीसशे रुपये. छत्तीसशेत थिएटर." माझी धाकटी बहीण सई तेव्हा नऊ वर्षांची होती आणि घरात कोणी मराठीत काही विचारलं तरी इंग्लिशमध्येच बोलायची. तिनं चादर उचलून बघितली आणि विचारलं, "बाबा, इज इट अ मायक्रोवेव्ह?" चालू केल्यावर त्याचा पंखा असा घरघरे की आई स्वयंपाकघरातून येऊन विचारून गेली, एक्झॉस्ट कोणी लावला म्हणून.

या सगळ्याच्या मुळाशी करंदीकर काका होते, हे आम्हाला सर्वांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. करंदीकर काका आणि बाबा एकाच वर्षी, एकाच एजंटमार्फत इकडे आले. बाबा कारखान्यात चिकटले. काकांनी तीन वर्षांत नोकरी सोडली, कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा काढला, आणि ते दुबईत अल मनखूलला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. माणूस दिलदार होता, आवाज मोठा होता, आणि एक विचित्र सवय होती: डोळ्यांसमोर अक्षर आलं की ते मोठ्यानं वाचायचे. गाडी चालवताना दुकानांच्या पाट्या, लिफ्टमध्ये किती माणसांना परवानगी आहे ते, आमच्याकडे जेवताना लोणच्याच्या बरणीवरचं लेबल. त्या मे महिन्यात त्यांनी एवढा मोठा टीव्ही घेतला की तो दारातून आत येईना, दार काढावं लागलं. आम्हाला जेवायला बोलावून त्यांनी आधी टीव्ही दाखवला, मग दार कसं काढलं ते सांगितलं, मग जेवण. परत येताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही सव्वा तास होतो आणि बाबा एकही शब्द बोलले नाहीत.

आता प्रोजेक्टर होता, पण चित्र पाडायचं कशावर? पहिल्या गुरुवारी भिंतीवर पाडलं. आमच्या हॉलची भिंत बिल्डिंगवाले ज्याला ऑफव्हाइट म्हणत त्या रंगाची होती, आणि रोलर फिरवून तिच्यावर बारीक दाणे उठवलेले होते. त्या भिंतीवर नायिका आली ती काविळीतून नुकतीच उठल्यासारखी, आणि तिच्या गालांना रव्याच्या लाडवाचा पोत. सई म्हणाली, "शी हॅज पिंपल्स." बाबांनी प्रोजेक्टर बंद केला आणि दुसऱ्या दिवशी भिंत रंगवायची परवानगी विचारायला ते खाली नातूरकडे गेले. नातूर म्हणजे आमच्या बिल्डिंगचा रखवालदार. सगळ्या गल्फमध्ये त्याला हाच शब्द वापरतात. आमचे नातूर बशीरभाई पेशावरकडचे, अत्यंत शांत गृहस्थ. त्यांनी बाबांचं पूर्ण ऐकून घेतलं, मॅट फिनिश आणि ग्लॉस फिनिशमधला फरकसुद्धा, आणि म्हणाले, "सबनीस साब, दीवार आपकी नहीं है. पेंट करेगा तो जाते टाइम डिपॉजिट खलास. आप फिल्म बाहर जाके देखो, यल्ला." यल्ला म्हणजे चला, निघा.

मग चादर. आईच्या कपाटातली पांढरी डबलबेडची चादर मी इस्त्री केली आणि त्याच भिंतीपुढे पडद्याच्या दांडीवरून सोडली. चित्र छान आलं, पण आमचा एसी त्या भिंतीच्या अगदी समोर होता. त्याचा झोत आला की चादर फुगायची. नायक बोलता बोलता गरोदर दिसायचा आणि झोत गेला की खंगायचा. एसी बंद करून बघितला. ऑगस्टमध्ये शारजात एसी बंद करून जेवढा वेळ बसता येतं, तेवढ्यात फक्त नावं संपली. बाबांनी चादरीला खाली कपड्यांचे चिमटे लावले, मग चिमट्यांना डाळीच्या पिशव्या. चादर स्थिर झाली, पण तिच्यातून निम्मा प्रकाश आरपार जाऊन मागच्या भिंतीवर दुसरा सिनेमा दिसू लागला, तोही काविळीचा.

इथपर्यंत कुठल्याही घरात झालं असतं. यापुढे जे झालं ते फक्त बाबांच्या घरात होऊ शकत होतं. पुढच्या गुरुवारी ते कारखान्यातून एक यंत्र घेऊन आले. हातात मावेल एवढं, खाली एक डोळा. वस्तूवर टेकवलं की ती किती पांढरी आहे त्याचा आकडा दाखवायचं. साहेबांना विचारून आणलं होतं, रविवारी परत करायच्या बोलीवर. तो शुक्रवार बाबांनी घरातल्या एकूण एक पांढऱ्या वस्तूंना ते टेकवण्यात घालवला. चादर, उशीचे अभ्रे, फ्रिजचं दार, स्वतःचा बनियन, मीठ, तांदळाचं पीठ, माझ्या शाळेचा शर्ट, वॉशबेसिन. मी वही घेऊन मागे. सईनं दात पुढे केले, त्यांचीही नोंद झाली. संध्याकाळी निकाल लागला, की आमच्या घरातली सगळ्यात पांढरी गोष्ट म्हणजे तांदळाचं पीठ. आई म्हणाली, "मग त्याचा पडदा करा. उरलं तर मोदक करीन." आज हसू येतं, पण त्या क्षणी बाबा हसले नव्हते. ते खरोखर विचार करत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग टाइल्स आल्या. दोन-दोन फुटी, सहा, गाडीची चाकं दबेपर्यंत. चकाकणाऱ्या टाइल्सवर चित्राच्या मधोमध प्रोजेक्टरचाच दिवा सूर्यासारखा दिसायला लागला, म्हणून त्या परत गेल्या आणि मॅट आल्या. त्यांच्यावर चित्र अप्रतिम आलं, पण प्रत्येक माणूस सांध्यांच्या रेषांनी सहा तुकड्यांत कापला गेला. दरम्यान बाबांनी करंदीकरांना आणि आणखी दोन कुटुंबांना शुक्रवारी दुपारी सिनेमाला बोलावून टाकलं होतं. दिवस उरले होते पाच. आणि बाबा परत रास अल खैमाला गेले होते.

पडद्याचा प्रश्न सोडवला आईनं, आणि तोही भाजी निवडता निवडता. "खिडकीच्या पडद्यांना मागून ते जाड अस्तर लावतात ना, ऊन येऊ नये म्हणून, त्याची मागची बाजू बघितलीयस तू? पांढरी असते, गुळगुळीत, आणि तिच्यातून काही आरपार जात नाही." रोलाच्या बाजारात कापडाची दुकानं आहेत, तिथं मिळेल, मी बघून येते, ती म्हणाली. त्या आठवड्यात ती तीनदा बघून आली. पहिल्या दिवशी दुकान सापडलं नाही, दुसऱ्या दिवशी रुंदी पुरेना, तिसऱ्या दिवशी कापड मिळालं. तिन्ही वेळा तिनं तिची मोरपंखी कॉटनची साडी नेसली होती, जी कापड बघायला जाण्यासाठी थोडी जास्तच कडक इस्त्रीची होती. मी सोळा वर्षांची होते, आणि सोळाव्या वर्षी आई काय नेसते याकडे कोणाचं लक्ष असतं?

आईनं ते कापड मशीनवर शिवलं. वरखाली नेफे केले, त्यांत प्लंबरकडून आणलेले पांढरे पाइप घातले, आणि ते असं टांगलं की एसीच्या झोतातही ते जागचं हललं नाही. मग हॉलच्या खिडकीला आतून अॅल्युमिनियमची फॉइल चिकटवली. इकडे उन्हासाठी निम्म्या खिडक्यांना ती असतेच. बाबा गुरुवारी आले, त्यांनी पडद्यासमोर उभं राहून डोकं वाकडं करून बघितलं, बोट फिरवलं, आणि म्हणाले, "हाच. मी म्हणत होतो ना, आरपार न जाणारा आणि मॅट पाहिजे." शुक्रवारी करंदीकरांना ते सांगत होते, "बरेच प्रयोग केले आम्ही. शेवटी मी या कापडावर आलो." आई तेव्हा आत साबुदाण्याचे वडे तळत होती. तेलाच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नसावं. गेलं असेल तरी तिनं वड्याकडेच बघितलं.

तर शुक्रवार दुपार. बाहेर पंचेचाळीसचं ऊन, आत फॉइलमुळे मिट्ट काळोख. सोफ्यावर करंदीकर काका-काकू, खुर्च्यांवर दुसरी दोन जोडपी, जमिनीवर सतरंजीवर सई आणि त्यांची मुलं. हवेत तळणीचा आणि काकूंच्या अत्तराचा एकत्र वास. बाबा प्रोजेक्टरपाशी उभे राहून लेन्स म्हणजे काय ते सांगत होते. ते मला म्हणाले, "मृणाल, लॅपटॉप आण आतून. सीडी टाकून दे." घरात एकच लॅपटॉप होता, बाबांचाच जुना, आठवडाभर आमच्याकडे असायचा. मी आतल्या खोलीत गेले तेव्हा तो पलंगावर उघडाच होता. तो आईनं मघाशी घेतलेला मी पाहिला होता. एका रेसिपीसाठी, असं ती म्हणाली होती.

स्क्रीनवर रेसिपी नव्हती. एक पत्र होतं, शेजारच्या अजमानमधल्या एका भारतीय शाळेचं. प्रिय मिसेस सबनीस, आपला नमुना पाठ आणि मुलाखत आम्हाला पसंत पडली. आठवी ते दहावीच्या गणितासाठी आपली निवड करण्यात आली आहे. कृपया आपल्या पतीचं ना-हरकत पत्र घेऊन रविवारपर्यंत यावं. मी ते दोनदा वाचलं. तीनदा रोलाला गेलेली मोरपंखी साडी मला तेव्हा आठवली. आणि मग मला पत्राखाली दुसरी छोटी चौकट दिसली, आईनं लिहायला घेतलेलं उत्तर. आपल्या पत्राबद्दल आभारी आहे, परंतु घरगुती कारणांमुळे मला ही नेमणूक स्वीकारता येत नाही याचं वाईट वाटतं. एवढंच. फक्त पाठवायचं बटण दाबायचं राहिलं होतं. बहुधा तेवढ्यात तेल तापलं असावं.

पुढं मी जे केलं ते विचार करून केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. वयानं मी आज त्या वेळच्या आईच्या पुढं गेले आहे आणि आताही मला नक्की सांगता येत नाही, की मी तिच्यासाठी ते केलं, की बाबांवरच्या रागानं, की नुसतीच गंमत म्हणून. मी आईचं उत्तर पुसलं. पत्र तसंच ठेवलं. लॅपटॉप हॉलमध्ये नेला, वायर जोडली, आणि चित्र बाहेर पाठवायची बटणं दाबली. ती दोन होती आणि एकदम दाबावी लागत.

पडद्यावर आधी निळं आलं आणि मग आठ फूट रुंदीचं पत्र. बाबांची पडद्याकडे अर्धी पाठ होती, ते लेन्स फिरवत होते. अक्षरं धूसर होती, ती त्यांनी हळूहळू आवळत आणली आणि एकदम स्वच्छ केली. "हे बघा," ते करंदीकरांना म्हणाले, "नुसतं अक्षर बघा. कडा बघा अक्षराची. तुमच्या टीव्हीवर ही कडा मिळणार नाही." त्यांनी ते वाचलं नव्हतं. ते फक्त काळं किती काळं आहे आणि पांढरं किती पांढरं, एवढंच बघत होते.

पण करंदीकर काकांसमोर अक्षर आलं होतं. ते त्यांच्या त्या भरदार आवाजात सुरू झाले. "डियर मिसेस सबनीस." मग मुलाखत, मग गणित, मग आठवी ते दहावी. "पतीचं ना-हरकत पत्र" या ओळीशी त्यांचा आवाज जरा मंदावला, पण सुरू केलेलं वाक्य अर्धं टाकणं त्यांना जमत नसे. त्यांनी खालची सहीसुद्धा वाचली. सई म्हणाली, "मम्मा गॉट अ जॉब?"

"अय्या, वहिनींना नोकरी लागली?" काकू म्हणाल्या. "सबनीस, तुम्ही बोलला नाहीत काही. सिनेमा सिनेमा करून हे दाखवायला बोलावलंत होय आम्हाला?"

बाबांनी तोपर्यंत वाचलं होतं. प्रोजेक्टरच्या उजेडात मला त्यांचा चेहरा खालून दिसत होता. तो कुठल्या रंगाकडे झुकत होता हे सांगायला ते यंत्र लागलं असतं.

"हो," ते म्हणाले. "म्हणजे, तसंच काहीसं."

"मग काय म्हणता?" करंदीकर काका हसत म्हणाले. "हरकत आहे का नाही?"

बाबांनी सगळ्यांकडे बघितलं. काका, काकू, दोन जोडपी, सतरंजीवरची मुलं, सगळी त्यांच्याचकडे बघत होती. "मला कसली हरकत असणार," बाबा म्हणाले. "मीच तर म्हणत होतो तिला कधीपासून. एवढं शिकलेली बाई घरात बसून करणार काय."

नेमकी तेव्हाच आई वड्यांची परात घेऊन दारात आली. तिनं आधी पडदा बघितला, मग बाबांना, मग मला. माझ्याकडे ती जरा जास्त वेळ बघत राहिली. काकू उठून तिच्या गळ्यात पडल्या, परातीसकट. आई म्हणाली, "वडे गरम आहेत तोवर घ्या. चटणी आणते." मी सीडी टाकली. सिनेमा दोन-अडीच तास चालला असावा. तो कुठला होता ते मला आठवत नाही, आणि पुढे ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनाही आठवलं नाही.

पाहुणे गेल्यावर आई ओट्याशी भांडी विसळत होती आणि बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी डायनिंग टेबल पुसत होते. पुसून झालेलं टेबल पुन्हा पुसत होते.

"मला सांगावंसं वाटलं नाही तुला?" बाबा म्हणाले.

"सांगितलं होतं. या वर्षात तीनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, बघू."

"म्हणून असं भिंतीवर लावायचं? चार लोकांसमोर?"

आईनं नळ बंद केला. मला वाटलं आता ती माझं नाव घेणार. "लॅपटॉप उघडा राहिला माझ्याकडून," ती म्हणाली. "आणि तुम्ही चार लोकांसमोर बोललात ते मनावर घेऊ नका. मी त्यांना नाही म्हणून कळवणारच आहे."

बाबा हॉलमध्ये जाऊन बसले, त्या पांढऱ्या पडद्यासमोर, प्रोजेक्टर बंद असताना. आई माझ्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी उत्तर लिहिलं होतं. ते कुठं गेलं?"

"पुसलं."

"दुसऱ्याचं पत्र वाचू नये," ती म्हणाली. टेबलावरचा फडका तिनं माझ्या हातातून काढून घेतला, घडी केला, आणि जाता जाता विचारलं, "इंग्लिश बरोबर होतं ना माझं?"

शनिवारी सकाळी बाबा कागद आणि पेन घेऊन टेबलाशी बसले. मला वाटलं करंदीकरांसमोर शब्द गेला म्हणून बसले आहेत, आणि बऱ्याच अंशी ते खरंच होतं. बाबांसारख्या माणसाला बायकोची इच्छा विसरता आली असती, पण करंदीकरांसमोर बोललेलं वाक्य नसतं विसरता आलं. पण लिहायच्या आधी त्यांनी आईला हाक मारली आणि विचारलं, "तुला खरंच जायचंय का? म्हणजे, मनापासून?"

"हो," आई म्हणाली.

तिनं त्याच्यापुढे काहीच जोडलं नाही. स्वयंपाक करून जाईन, मुलींच्या अभ्यासाचं बघेन, तुम्हाला त्रास होणार नाही, यातलं काही नाही. बाबा तिच्याकडे बघत राहिले, पुढचं वाक्य येईल म्हणून. ते आलं नाही तेव्हा त्यांनी पेनचं टोपण काढलं. ते पत्र त्यांनी चारदा लिहिलं. पहिल्यात खाडाखोड झाली, दुसऱ्याचा कागद त्यांना मळकट वाटला, तिसऱ्यात समास वाकडा आला. चौथं त्यांनी खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितलं आणि आईच्या हातात दिलं.

माझा विषय त्यांनी काढला तो पुढच्या शुक्रवारी, आम्ही दोघं गाडीतून किराणा आणायला चाललो असताना. "लॅपटॉपवरचं चित्र बाहेर पाठवायला दोन बटणं लागतात," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "एकदम दाबावी लागतात."

"हो," मी म्हणाले.

"म्हणजे चुकून नाही होत."

"नाही."

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "फोकस मात्र चांगला बसला होता." याच्यावर आमच्यात परत कधीही बोलणं झालं नाही.

शाळा सुरू झाली त्या रविवारी बाबा कारखान्यात गेले नाहीत. गाडीचं काहीतरी कागदपत्रांचं काम आहे, असं त्यांनी आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं. स्टाफची बस पावणेसहाला बिल्डिंगखाली येणार होती. आई साडेपाचलाच तयार होती. तिनं डबे भरून ठेवले होते, सईचा गणवेश खुर्चीवर काढून ठेवला होता, आणि ती पर्स तपासत होती, मग परत तपासत होती. बाबांनी तिच्यासाठी चहा करायला घेतला आणि मला हळूच विचारलं, साखर कुठल्या डब्यात असते. आईनं उभ्याउभ्या दोन घोट घेतले, म्हणाली, "छान झालाय," आणि गेली. चहात साखर नव्हती. बाबांनी माझं उत्तर यायच्या आधीच तो गाळला होता.

लिफ्टचा आवाज थांबल्यावर बाबा गॅलरीचं दार सरकवून बाहेर गेले आणि मी त्यांच्या मागून. पहाटेची हवा दमट आणि गरम होती. एसीतून बाहेर आलं की चष्म्याच्या काचांवर लगेच वाफ धरते. बाबांना समोरचं काही दिसेनासं झालं. खाली पिवळी बस लागली होती. त्यांनी चष्मा काढून लुंगीच्या टोकानं पुसायला घेतला, पण लुंगीही दमट होती.

"आली का खाली?" त्यांनी विचारलं.

"आली. चढतेय."

"जागा मिळाली?"

आई दुसऱ्या खिडकीशी बसली होती. शेजारच्या बाईनं तिला काहीतरी विचारलं असावं, कारण ती तिच्याकडे वळून बोलत होती, हात हलवून, भरभर. तिनं पर्समधून एक वही काढली आणि दोघी त्या वहीवर वाकल्या. बस हलली.

"वर बघितलं का तिनं?"

"हो," मी म्हणाले. "हात केला."

बाबांनी चष्म्याशिवायच कठड्यावरून वाकून हात वर केला आणि बराच वेळ हलवत राहिले. बस तोपर्यंत अजमानच्या रस्त्याला लागली होती.